सबटास्क कॅलेंडरवर का दिसत नाहीत?

प्रश्न: आमच्या मासिकाच्या अंकाचं काम असाना या कामं वाटून देण्याच्या ऑनलाइन अ‍ॅपवर चालतं. ‘मुखपृष्ठ’ या टास्कखाली छायाचित्र, मांडणी, छपाई असे सबटास्क केले, तारखाही दिल्या. पण प्रोजेक्टच्या कॅलेंडरवर एकही दिसत नाही.

उत्तर: असानात सबटास्कला मूळ टास्कचा प्रोजेक्ट आपोआप मिळत नाही, घोळ तिथेच आहे. सबटास्क उघडा, कीबोर्डवर टॅब धरून पी दाबा आणि प्रोजेक्ट निवडा. मग तो कॅलेंडरवर येईल. सरसकट मात्र करू नका. छपाईसारखी सगळ्यांना दिसायला हवी अशी तारीख असेल तरच. नाहीतर यादीत नुसती गर्दी होते. प्रत्येक सबटास्कवर जबाबदार माणसाचं नाव घालाच, त्याशिवाय तो कुणाच्याच ‘माय टास्क्स’मध्ये, म्हणजे स्वतःच्या कामांच्या यादीत, जात नाही. मूळ टास्कवर टिक केली तरी खालचे सबटास्क उघडेच राहतात, तेही एकेक करून बंद करा.