स्वातंत्र्य मिळालं आहे, मग सोलापूरच्या सामान्य माणसाने ते ‘जपायचं’ म्हणजे नेमकं काय करायचं?

मत देणं, कारभाराचा हिशेब मागणं आणि दुसऱ्याचा हक्क डावलला जात असेल तर गप्प न बसणं, ही रोजची कामं. राज्यघटनेच्या कलम ५१-क मध्ये (१९७६ ची ४२ वी दुरुस्ती) देशाचं सार्वभौमत्व आणि एकता राखणं हे कर्तव्यच सांगितलं आहे. सोलापुरात तर हे वेगळं सांगायला नको. मे १९३० मध्ये इथे इंग्रजांचा मार्शल लॉ (लष्करी अंमल) लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा हे चौघे स्वातंत्र्यसैनिक येरवड्यात फासावर गेले. त्यांच्या पुतळ्यांना हार घालावाच, पण पुढचंही करावं:

- मतदार यादीत नाव आहे का ते निवडणुकीच्या आधीच बघा. नवीन नावासाठी नमुना ६, पत्ता बदलला तर नमुना ८. मतदानाच्या दिवशी केंद्रावर नाव घालता येत नाही आणि बरेच जण इथेच अडकतात.
- रस्ता, पाणी, निधी याबद्दल माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत हवा. “रस्ता का केला नाही?” असं विचारलं की अर्ज वाया जातो, “कामाच्या आदेशाची आणि मोजमाप पुस्तकाची (झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही) प्रत द्या” असं लिहा.

एक मात्र लक्षात घ्या: कलम ५१-क मोडलं म्हणून थेट शिक्षा होत नाही, त्यासाठी वेगळा कायदा असावा लागतो. म्हणून ‘कर्तव्या’च्या नावाखाली कोणी तुम्हाला दमदाटी करत असेल तर कोणत्या कायद्याखाली, हे जरूर विचारा.