हॅरी पॉटरच्या सिनेमांत डंबलडोरचं (जादूच्या शाळेचे मुख्याध्यापक) काम करणारे नट बदलले, ते तुम्हाला पटलं का?

पटलं, पण सावकाश. पहिल्या दोन भागांतले डंबलडोर, रिचर्ड हॅरिस, ऑक्टोबर २००२ मध्ये गेले, दुसरा भाग थिएटरला लागायच्या आधीच. त्यामुळे नट बदलणं भागच होतं. त्यांचा डंबलडोर म्हणजे हळू आवाजात बोलणारे, डोळ्यांतून हसणारे आजोबा. २००४ च्या तिसऱ्या भागात मायकल गॅम्बन आले आणि म्हातारा एकदम तरतरीत झाला. चौथ्या भागात तर ते हॅरीला धरून गदागदा हलवतात, स्पर्धक निवडणाऱ्या जादूच्या चषकात तुझं नाव तू टाकलंस का म्हणून. पुस्तकात हाच प्रश्न ते शांतपणे विचारतात! तो सीन मला अजून खटकतो (दिग्दर्शकाचाही हात असणारच त्यात). पण सहाव्या भागात, गुहेतलं ते जहरी पेय पिताना गॅम्बन असे काही कळवळतात की तिथे मला हॅरिस आठवतही नाहीत.