वाचक विचारतात : बाहुलीच्या घोड्याला परीकथेतला साज

प्रश्न : बाहुलीच्या घोड्याच्या कपाळावर ग्लू गनने शिंग चिकटवलं, ते लगेच सुटलं. झटपट सुकणारा गोंद वापरू का?

उत्तर : नको. गुळगुळीत प्लॅस्टिकवर गरम गोंद नुसता वरवर बसतो, आणि झटपट गोंदाच्या वाफेने आजूबाजूला पांढुरके डाग पडतात. शिंग घोड्याला चिकटवूच नका, म्होरकीला, म्हणजे डोक्याभोवतीच्या पट्ट्यांना शिवा. हवं तेव्हा काढताही येईल.

फेल्टवर 5 सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढून त्याचा सहावा भाग कापा. कडेला कड भिडवून बारीक टाक्यांनी शिवलं की 5 सेंमी लांब, बुडाशी साधारण 1.7 सेंमी रुंद शिंग तयार होतं. सहाव्या भागाचं बूड लांबीच्या एक तृतीयांश येतं, आठव्या भागाचं एक चतुर्थांश. सडपातळ शिंग हवं असेल तर आठवा भाग घ्या. आतून शिवून उलटवायच्या फंदात पडू नका, एवढं निमुळतं टोक बाहेर निघत नाही. कापूस चिमूट चिमूट घालून काडीने टोकापर्यंत दाबा. मग जरीचा दोरा टोकाला गाठवून 7-8 मिमी अंतराने तिरका गुंडाळत खाली या आणि प्रत्येक वेढा जरा आवळा. शिंगाचा सुंदर पीळ उठतो तो या आवळण्यामुळेच. कापूस सैल भरलेला असेल तर नेमकं इथेच शिंग वाकतं.

बुडाला 2.5 सेंमी व्यासाची फेल्टची चकती शिवा. तिच्या दोन्ही बाजूंना 3 मिमी रुंदीच्या इलॅस्टिकचे दोन पट्टे जोडा : एक कानांमागून जाणारा, दुसरा जबड्याखालून. नुसता जबड्याखालचा पट्टा ठेवला तर शिंग हळूहळू नाकाकडे घसरतं. पट्ट्याचं माप दोऱ्याने घ्या, त्याच्या एक दशांश कमी करा आणि शिलाईसाठी 1 सेंमी वाढवा.

प्रश्न : फोमशीटचे पंख लोंबतात. वर बाहुली बसली की घोडा कलंडतो.

उत्तर : 2 मिमीच्या फोमचा एकच थर 15 सेंमीचा पंख तोलू शकत नाही. दोन थर घ्या आणि मध्ये प्लॅस्टिकच्या फाइलच्या कव्हरातून कापलेली 1 सेंमी रुंद पट्टी चिकटवा. तार टाळा, वाकून वाकून ती तुटते आणि टोक बाहेर येऊन हाताला लागतं.

पंख झुलीला शिवा, तेही खांद्याच्या लगेच मागे, बाहुलीच्या मांडीच्या पुढे. पंखाचं मूळ 4 सेंमीपेक्षा लांब ठेवलं तर बाहुलीचे पाय खोगिरावर नीट बसत नाहीत. पंख सरळ आडवे पसरू नका, मागे झुकवा, म्हणजे वजन चार पायांच्या मध्ये पडतं. एक पाय उचललेला घोडा असेल तर पंख शक्य तितके हलके आणि आखूडच बरे.

झुलीचा तंग, म्हणजे पोटाखालून जाणारा पट्टा, 2 सेंमी रुंद असावा, पोटाखाली वेल्क्रो. वेल्क्रोचा मऊ भाग काटेरी भागापेक्षा सगळीकडून 5 मिमी मोठा कापा. काटे उघडे राहिले की शेपटीचे केस त्यात अडकून ओढले जातात आणि मुळापासून उपटतात.

प्रश्न : लाल झुलीचा रंग पांढऱ्या घोड्याला लागला. साबणाने जात नाही.

उत्तर : मऊ प्लॅस्टिक कपड्यातला रंग शोषून घेतं, म्हणून वरून धुऊन उपयोग होत नाही. बेन्झॉइल पेरॉक्साइड असलेलं मुरुमांवरचं क्रीम डागावर लावून काही तास उन्हात ठेवल्यास डाग फिका पडतो. आधी पोटाखाली लपलेल्या जागी करून बघा. डोळ्यांपासून आणि रंगवलेल्या भागांपासून मात्र दूर ठेवा, तिथला रंगही उडेल. नव्या झुलीला आतून न रंगवलेल्या सुती कापडाचं अस्तर लावा आणि खेळून झाल्यावर ती काढून ठेवा.

प्रश्न : लगाम चुंबकाने लावला तर सोपं होईल ना? घरात दोन वर्षांचं मूल आहे.

उत्तर : चुंबक अजिबात नको. गिळलेले दोन चुंबक आतड्याला दोन्ही बाजूंनी चिमटतात, जीवावर बेतू शकतं. टिचबटण घट्ट शिवा. मणी-टिकल्यांऐवजी गाठीचा टाका घाला. जाड रेशमाने तोही उठून दिसतो.