पेशी प्रथिनं ‘स्रवतात’ की ‘तयार करतात’?

नाशिकरोडच्या एक शिक्षिका शाळेच्या भित्तिपत्रकासाठी मजकूर लिहितायत. त्यात वाक्य आहे : ‘रोगप्रतिकारक पेशी पूरक प्रथिने स्रवतात.’ बाईंच्या शंका दोन. ‘पूरक’ वाचून मुलांना डब्यातली प्रोटीन पावडर तर आठवणार नाही? आणि ‘स्रवतात’ बरोबर आहे का?

पहिली शंका रास्त आहे. ‘पूरक आहार’ म्हणजे वरून दिलेला. भूमितीत तर आणखी गंमत : बेरीज ९० अंश भरली तर कोटिकोन, १८० भरली तर पूरक कोन. तरी इथे पूरकच ठेवावं. १८९५च्या सुमारास पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ज्यूल बोर्दे यांना दिसलं की लस दिलेल्या प्राण्याचं जंतू मारणारं सीरम (रक्त गोठल्यावर वर राहणारा निवळ द्रव) ५६ अंश सेल्सिअसला तापवलं की निकामी होतं, पण लस न दिलेल्या प्राण्याचं थोडं ताजं सीरम त्यात घातलं की पुन्हा कामाला लागतं. सीरममधली प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंना चिकटणारी प्रथिनं, उष्णतेत टिकली होती. त्यांचं काम तडीस नेणारं काहीतरी नासलं होतं. त्या ‘काहीतरी’ला पॉल एर्लिख यांनी कॉम्प्लिमेंट, म्हणजे पूरक, म्हटलं. अर्धं राहिलेलं पुरं करतं ते पूरक, यात खोट काढण्यासारखं काही नाही. फक्त ‘पूरक प्रथिनसंस्था’ असं लिहा, म्हणजे पावडरीचा डबा आपोआप बाजूला पडेल.

खरी गोची क्रियापदात आहे. स्रवणं म्हणजे पाझरून बाहेर येणं. त्र्यंबकला ब्रह्मगिरीच्या कातळातून पाणी स्रवतं. ते कातळाने तयार केलं असं कोणी म्हणत नाही. पेशी मात्र आधी प्रथिन घडवते, आणि घडवलेलं लगेच बाहेर येतंच असं नाही. मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, ‘सी१क्यू’ हे पूरक प्रथिन बनवतात तेव्हा जनुकाची प्रत निघते, पेशीतल्या आंतर्द्रव्यजालिकेवरच्या रायबोझोमांवर (प्रथिनं जोडणाऱ्या कणांवर) तीन प्रकारच्या साखळ्या तयार होतात, प्रत्येक प्रकारच्या सहा अशा १८ साखळ्यांचा एक रेणू जुळतो आणि गॉल्गी संकुल या पेशीतल्या रवानगी-केंद्रातून तो बाहेर पडतो. इथे ‘स्रवतात’ खुशाल म्हणा. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी प्रॉपरडिन हे पूरक प्रथिन आपल्या आतल्या कणिकांमध्ये साठवून ठेवतात आणि चिथावणी मिळाली की मोकळं करतात. तिथे ‘सोडतात’ जास्त नेमकं. टी पेशी या रोगप्रतिकारक पेशींत तर ‘सी३’ या पूरक प्रथिनाचा काही अंश पेशीच्या आतच राहून काम करतो. त्याला ‘स्रवतात’ म्हणणं सरळ चूक. तिन्हींना पुरेल असं क्रियापद एकच, ‘तयार करतात’. साधं आहे, शास्त्रीय वाटत नाही, म्हणून लोक ते टाळतात, एवढंच.

बाईंनी विचारलं नाही, पण कर्त्याकडेही बघायला हवं. रक्तातली बहुतेक पूरक प्रथिनं यकृत बनवतं. यकृताचं प्रत्यारोपण झाल्यावर रुग्णाच्या रक्तातलं सी३ दात्याच्या प्रकाराचं झालेलं आढळलं, तेव्हा याचा भक्कम पुरावा मिळाला. म्हणून मी वाक्य असं करेन : ‘पूरक प्रथिनसंस्थेतील बहुतेक प्रथिने यकृतात तयार होतात, काही प्रथिने रोगप्रतिकारक पेशीही तयार करतात.’ त्यातला ‘ही’ गाळू नका. मात्र पुढे सी१क्यूबद्दल वेगळं वाक्य लिहिलंत तर तिथे ‘ही’ नको, कारण ते मुख्यतः मॅक्रोफेज आणि त्यांच्या भाऊबंद पेशींकडूनच येतं.