फरच्या गालिच्यावर घरात चप्पल घालून चालावं का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. हॉलमध्ये नवा पांढरा फरचा गालिचा टाकलाय, टाच दुखते म्हणून तुम्ही घरात मऊ चप्पल वापरता आणि घरचे म्हणतात गालिच्यावर यायचं तर चप्पल काढून या. गालिचा खरंच खराब होतो का आणि बरोबर कोणाचं, एवढंच तुम्हाला विचारायचंय.

माझं उत्तर असं. बाहेरची चप्पल, बूट, सँडल गालिच्यावर कधीच नाही, मग ती कोणाचीही असो. फक्त घरात वापरायची चप्पल ज्याला पायासाठी लागते, त्यानं ती काढू नये. आणि ज्या घरात हे जमत नसेल त्यांनी गालिचा गुंडाळून माळ्यावर टाकावा. इतकं फटकन लिहिते, कारण याच एका गोष्टीवरून माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं 2016 पासून धड बोलणं नाही.

मी मूळची अहमदपूर तालुक्यातली. आजोबा मेंढरं राखायचे. घरात गालिचा कुठला असणार, पण घोंगडी होती, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून आणलेली. दख्खनी मेंढीची काळी लोकर, सुताला चिंचोक्याची खळ दिलेली. नवी होती तेव्हा अशी टोचायची की आम्ही पोरं तिच्यावर आजीचं जुनं लुगडं टाकून झोपायचो. तीच घोंगडी पावसात आजोबांच्या डोक्यावर, रात्री अंगाखाली आणि पाहुणा आला की ओसरीत बसायला. तिच्यावर पायताण घालून चढलेला माणूस मी पाहिला नाही. एकदा जमिनीच्या मोजणीचे साहेब आले आणि बुटासकट सरळ वर यायला लागले. आजोबा हात जोडून म्हणाले, "साहेब, जोडे तेवढे तिकडं उतरवा, मग निवांत बसा." साहेबांनी बूट काढले, बसले, चहा घेतला, गेले. त्यात कोणाचा अपमान झाला नाही.

आणखी एक सांगते, कारण पुढं त्याचा संबंध येतो. घोंगडी अंथरली की कोणाला बसू देण्याआधी आजोबा तिच्यावरून उलटा तळहात फिरवायचे. लोकरीत कुसळं अडकतात, सराटे अडकतात. एकेक वेचून चुलीत टाकायचे आणि मगच म्हणायचे, "हं, बसा आता."

आता मूळ गोष्ट. दादानं संभाजीनगरला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला, बंगला बांधला. 2016 च्या दिवाळीला आम्ही सगळे तिकडं जमलो. हॉलमध्ये मधोमध पांढरा फरचा गालिचा, बोटं बुडतील एवढे लांब केस. वहिनींनी हौसेनं आणला होता आणि त्यावर चप्पल घालायची नाही हा घराचा नियम होता. नियम मला पटला. आम्ही सगळ्यांनी चपला बाहेर काढल्या.

पण आमचे अण्णा. एसटीत वाहक म्हणून जन्म गेलेला, वीस वर्षांचा मधुमेह, दोन्ही पाय बधिर झालेले. डॉक्टरांनी त्यांना एमसीआरची चप्पल दिली होती, मऊ रबराची, मागं पट्टा असलेली, आणि बजावून सांगितलं होतं की घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही. अण्णा ती घरातच वापरायचे. बाहेर जायला दुसरा जोड होता. अण्णांची खोली हॉलच्या एका अंगाला आणि बाथरूम दुसऱ्या अंगाला, मध्ये हा गालिचा. अण्णा गालिच्याच्या काठाशी यायचे, सोफ्याला हात टेकून वाकायचे, चपलेचे पट्टे सोडायचे, चप्पल हातात घ्यायचे, चार पावलं अनवाणी टाकायचे आणि पलीकडं जाऊन पुन्हा वाकून पट्टे लावायचे. दिवसातून सात-आठ वेळा, गुडघ्यांचं दुखणं असलेला माणूस. मी वहिनींना म्हटलं, अण्णांना राहू द्या, ती घरातलीच चप्पल आहे. त्या म्हणाल्या, "एकाला सूट दिली की सगळे तेच करतात." दादा काही बोलला नाही. अण्णाच मला म्हणाले, "जाऊ दे गं, पोराच्या घरी काय हट्ट धरायचा."

पाडव्याच्या दिवशी दादाकडं एक मोठे पाहुणे आले. दादाचं त्यांच्याकडं काम अडकलेलं होतं. शहराबाहेरचा मोकळा प्लॉट बघून ते तसेच आले होते, सोबत दोन माणसं. तिघंही बूट घालून सरळ गालिच्यावर आले, सोफ्यावर बसले, फराळ केला, तासभर पाय गालिच्यावर. मी दादाकडं बघितलं, दादानं नजर चुकवली. वहिनी चकल्यांचं ताट घेऊन पुढं झाल्या. "जोडे तेवढे तिकडं" असं म्हणायला त्या हॉलमध्ये कोणाची जीभ उचलली नाही. माझीसुद्धा नाही, हे मी आजपर्यंत दादाला बोलले नाही, इथं लिहिते. आणि पाहुणे गेल्यावर गालिच्यावर कोणी हातही फिरवला नाही.

आपल्याकडं दिवाळीच्या सुमाराला माळावर, मोकळ्या प्लॉटवर सराटा वाळून कडक झालेला असतो. ज्यांनी रान बघितलंय त्यांना सांगायला नको, पण शहरातल्यांसाठी सांगते: सराट्याचं फळ फुटून त्याचे तुकडे होतात आणि तुकडा कसाही पडला तरी एक काटा वर असतोच. सायकलचं टायर त्यानं पंक्चर होतं. बुटाच्या रबरात तो रुतून येतो आणि लांब केसांच्या फरमध्ये सुटला की वरून दिसत नाही. फरशीवर पडला असता तर झाडूनं गेला असता.

भाऊबीज करून आम्ही लातूरला परतलो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णांचा मोजा काढायला गेले तर तो तळव्याला चिकटलेला. ओढला तर खाली पिवळट ओलं आणि मधोमध काळा ठिपका. तो ठिपका सराट्याचा काटा होता, अंगठ्याच्या शेजारच्या बोटाखाली मुळापासून आत गेलेला. अण्णा त्यावर चार दिवस चालले होते. मी विचारलं, "अण्णा, दुखलं नाही?" ते म्हणाले, "काय दुखलं नाही?" त्यांना काही झालंय हेच माहीत नव्हतं.

पुढं जखम हाडापर्यंत गेली आणि ते बोट काढावं लागलं. नंतर दीड महिना ड्रेसिंग. त्याच काळात डॉक्टरांनी मला पायाची तपासणी जवळून दाखवली. नायलॉनचा एक जाड दोरा असतो, तो तळव्याला टेकवून वाकेपर्यंत दाबायचा. तो वाकतो तेव्हा 10 ग्रॅमचा दाब पडलेला असतो. अण्णांना डोळे मिटायला लावून दहा ठिकाणी टेकवला. ते तीनदा "हां" म्हणाले. उरलेल्या सात ठिकाणी खिळा गेला असता तरी कळलं नसतं.

डिसेंबरात मी दादाकडं गेले. मुद्दाम गेले. गालिच्याखाली वर्तमानपत्र पसरलं आणि रुंद दातांची फणी घेऊन त्याचा एक-एक वीत भाग विंचरला. निघालं ते असं: काळ्या मातीची पूड, चिवड्यातले पोहे, फटाक्याचे लाल कागद, एक टिकली आणि चार सराटे. दादा समोर उभा होता. म्हणाला, "अण्णा शेतात अनवाणी फिरले असतील, तिथलाच असेल." अण्णा दसऱ्यापासून शेतात गेलेच नव्हते, गुडघ्यामुळं त्यांना बांध चढवत नव्हता. आणि ते शेतात अनवाणी गेले असते तरी हे चार सराटे दादाच्या हॉलमध्ये काय अण्णांनी पेरले? चारही मी कागदाच्या पुडीत बांधून घेतले.

आता तुमच्या गालिच्याचं. बुटानं फर खराब होते ती दोन कारणांनी. एक, तळव्याची कडक कड केसांवर दाबली गेली की ते आडवे पडतात, गुंततात आणि पुन्हा उभे राहत नाहीत. दुसरं, आणि मोठं, माती. वाळूच्या बारीक कणांना धार असते, ते केसांच्या मुळाशी बसतात आणि प्रत्येक पावलासरशी केस घासून तोडतात. त्यात आपली काळी माती ओली असली की चिकटते, वाळली की पिठासारखी होऊन खोल उतरते. पांढरा गालिचा एका पावसाळ्यात करडा होतो. घरातल्या स्वच्छ मऊ चपलेनं यातलं फार थोडं होतं, आणि अनवाणी पायांनीही काही होतं, तळव्याचा घाम आणि तेल लागून केस चिकट होतात. म्हणजे गालिच्याच्या बाजूनं बघितलं तरी तुमच्या घरच्यांचा तुमच्या चपलेवरचा राग जास्तीचा आहे.

गालिचा खऱ्या मेंढीच्या कातड्याचा आहे की नकली, हे तुम्ही लिहिलं नाही. खरा असेल तर पाण्यात बुडवू नका आणि उन्हात कडक वाळवू नका, खालचं कातडं ताठ होऊन तडकतं. लोकरीला कसर लागते, म्हणून गुंडाळून ठेवताना आधी झटका, सावलीत हवा द्या आणि डांबरगोळ्या टाका. नकली फर म्हणजे बहुतेक वेळा ॲक्रिलिक किंवा पॉलिएस्टर. तिला उष्णता चालत नाही, त्यामुळं इस्त्री किंवा वाफ मारू नका. व्हॅक्यूम दोन्हींना चालतो, पण फिरता ब्रश बंद करून. आणि आठवड्यातून एकदा विंचरा, खाली वर्तमानपत्र टाकून, काय निघतं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. रोज निदान उलटा तळहात फिरवा. हे व्हॅक्यूमपेक्षा मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

तुमच्या टाचेबद्दल: टाचदुखीत कडक फरशीवर अनवाणी चालून दुखणं वाढतं, तेव्हा चप्पल चालू ठेवा. लांब केसांचा गालिचा पायाला मऊ वाटतो म्हणून तिथं तरी काढ, असं घरचे म्हणतील. चार पावलांसाठी काढ-घाल करायला लावणं म्हणजे काय असतं ते मी बघितलंय. घरच्यांना पटत नसेल तर गालिचा जाण्यायेण्याच्या वाटेतून काढून सोफ्यापुढं किंवा पलंगाशी टाका, म्हणजे वादच उरत नाही. हे आम्हाला त्या दिवाळीत सुचलं असतं तर. दादाचा हॉल चांगला मोठा होता, गालिचा चार फूट सरकवायचा होता फक्त.

आयसीएमआरच्या 2023 साली आलेल्या पाहणीत देशात 10 कोटींहून जास्त मधुमेही आहेत असं निघालं. तुमच्याकडं सणासुदीला जमणाऱ्यांत एखादा असणारच, आणि तो अण्णांसारखा भिडस्त असेल तर स्वतःहून सांगणार नाही. तुम्ही विचारा. घरात घालायला स्वच्छ चपलेचा एक जादा जोड दाराशी ठेवा. आणि नियम करायचा असेल तर तो साहेबालाही सांगा, नाहीतर करू नका.

एक-दोन गोष्टी राहिल्या. गुळगुळीत फरशीवर फरचा गालिचा सरकतो, खाली रबराची जाळी अंथरा. मागं पट्टा नसलेली सैल चप्पल लांब केसांत अडकून म्हातारी माणसं पडतात, तेव्हा चप्पल घालायची तर पट्ट्याची. अण्णांचं बोट गेलं त्यात त्यांच्या साखरेचाही हात होता, औषधं ते वेळेवर घेत नसत, हेही मी मान्य करते. ते 2021 साली गेले, त्याचं कारण वेगळं होतं, हृदयाचं. आणि वहिनींवर माझा राग नाही. अण्णांच्या ड्रेसिंगला त्या दोनदा लातूरला येऊन राहिल्या आणि तो गालिचा त्यांनी त्याच वर्षी काढून टाकला, मला न सांगता.

दादा मात्र अजून शेताचंच नाव घेतो. मागच्या वर्षी मामांच्या घरच्या लग्नात पुन्हा म्हणाला. दादा, तू हे वाचत असशील तर ती पुडी माझ्या कपाटात अण्णांच्या चपलेशेजारी आहे. ये आणि उघडून बघ. गालिच्याचे पांढरे केस अजून सराट्यांना गुंडाळलेले आहेत.