चेहऱ्याचा निकाल घरात लावू नका

सांगलीहून एका वडिलांनी लिहिले आहे : “मुलगी बारावी विज्ञान शाखेत आहे आणि तिने अभिनयाचा ध्यास घेतला आहे. नाकीडोळी ती बेताचीच. सिनेमात तिला कोण घेणार, आणि मिळकतीचे काय? समजवायला गेलो की ब्रिटिश अभिनेत्री ज्युडी डेंच यांचा दाखला देते. तिची एकांकिका मी पाहिलेली नाही. तिचे मन इंजिनिअरिंगकडे कसे वळवावे?”

तुमच्या पत्रात मला सर्वांत खटकले ते ‘नाकीडोळी बेताचीच’ हे शब्द. बारावीतल्या मुलीच्या रूपाचा निकाल तिच्या वडिलांनीच लावावा, आणि तोही बहुधा तिच्यादेखत, याचे मला फार वाईट वाटले. डेंच यांनाही तरुणपणी एका चित्रपट दिग्दर्शकाने तुमच्या चेहऱ्यात सगळेच चुकलेले आहे, असे सुनावले होते. पण तो माणूस परका होता.

अभिनय म्हणजे सिनेमा आणि सिनेमा म्हणजे रूप, हा तुमचा समजही चुकीचा आहे. डेंच यांना आधी नेपथ्यकार व्हायचे होते. परंतु शेक्सपिअरच्या गावी, स्ट्रॅटफर्डला त्याच्या ‘किंग लिअर’ नाटकाचे नेपथ्य पाहिल्यावर असे काही आपल्याला सुचणार नाही, हे त्यांनी प्रामाणिकपणे ओळखले आणि त्या लंडनला अभिनय शिकायला गेल्या. १९५७ साली लंडनच्या ‘ओल्ड विक’ या नाट्यसंस्थेत त्यांनी ‘हॅम्लेट’मधली ऑफेलिया केली, तेव्हा समीक्षकांनी झोडपले आणि पुढे अमेरिकेच्या दौऱ्यात ती भूमिका त्यांच्याकडून काढून घेतली गेली, तरीही त्या त्याच संस्थेत लहानमोठ्या भूमिका करत राहिल्या. सिनेमामुळे जगभर नाव झाले ते साठीनंतर, आणि ऑस्कर मिळाले ते ‘शेक्सपिअर इन लव्ह’मधल्या जेमतेम आठ मिनिटांच्या कामाला. त्या आठ मिनिटांमागे रंगभूमीवरची चाळीस वर्षे होती.

मिळकतीची तुमची काळजी रास्त आहे, ती तिच्याशी मोकळेपणाने बोला. नाट्यशिक्षणासाठी बारावीनंतर पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आहे, पदवीनंतर दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय (एनएसडी) आहे. सीईटीही तिला देऊ द्या. पण मन वळवण्याची युक्ती मी सांगणार नाही, कारण जे काम तुम्ही पाहिलेच नाही त्यापासून तिला परावृत्त करण्याचा अधिकार तुम्हाला नाही.

डेंच यांचे वडील यॉर्कमध्ये डॉक्टर होते. १९६० साली ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ नाटकात ज्युलिएटच्या भूमिकेत डेंच यांनी दाईला “माझे आईवडील कुठे आहेत?” असे विचारले, तेव्हा प्रेक्षकांतून वडिलांनी “आम्ही इथे, एच रांगेत आहोत” असे उत्तर दिले. ही आठवण त्या स्वतः सांगतात. मुलीच्या पुढच्या प्रयोगाला तुम्ही जा, शेवटपर्यंत बसा, आणि मग मला पुन्हा लिहा.