जर्मनीहून नागपूरला परत येताना दहा वर्षांच्या मुलीला शिकवणी लावावी का?

लावा, पण आल्या-आल्या नको आणि सगळ्या विषयांची तर मुळीच नको.

तुम्ही लिहिलंय की मुलगी दहा वर्षांची आहे, जर्मनीत चौथीत शिकते, मार्चमध्ये नागपूरला येऊन एप्रिलपासून सीबीएसईच्या पाचवीत बसेल. मराठी छान बोलते, पण वाचता येत नाही. आणि घरचे सगळे म्हणताहेत, 'आत्ताच चांगला क्लास पकडा, नाहीतर मागे पडेल.' मी वीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. आता त्रिमूर्तीनगरात घरीच चार-पाच मुलांना शिकवते. त्यातली बरीचशी बदलीवाल्यांची किंवा बाहेरदेशातून आलेली असतात, म्हणून तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

दोन वर्षांपूर्वी असाच एक मुलगा जर्मनीहून आला होता. पहिल्याच चाचणीत गणितात २० पैकी ९. आई रडवेली होऊन पेपर घेऊन आली. मी पेपर बाजूला ठेवला आणि त्याला म्हटलं, प्रत्येक गणित मला बोलून दाखव, तुझ्या डोक्यात कसं झालं ते सांग. मग एकेक उलगडा होत गेला. तो इंग्रजी एक काढताना आधी खालून वर लांब तिरकी रेघ ओढायचा, कारण तिकडे एक तसाच गिरवतात. तपासणाऱ्या बाईंना तो सात वाटला होता. त्याचा खरा सात, ज्याच्या पोटातून आडवी रेघ जाते, तो तर त्यांना आकडाच वाटला नाही. साडेतीन त्याने ३,५ असे लिहिले होते. तिकडे दशांशाच्या जागी स्वल्पविराम देतात आणि मोठ्या संख्यांत हजाराच्या जागी टिंब. त्याचं १.००० म्हणजे एक हजार! गेलेल्या ११ गुणांपैकी ६ गुण असे गेले होते. उत्तरं बरोबर होती, फक्त इथे ती कुणाला वाचता आली नव्हती.

उरलेले ५ मात्र खरे गेले, आणि पाचही अपूर्णांकांत. जर्मनीत अपूर्णांकांची रीतसर आकडेमोड साधारण सहावीत येते. आपल्याकडे मूल तिसरी-चौथीपासून अर्धा-पाव करत असतं आणि पाचवीत छेद सारखे करायला लागतं. त्या मुलाला कुणी ते कधी शिकवलंच नव्हतं. मी कागदाच्या पट्ट्या कापून घेतल्या, एकाचे तीन भाग, दुसरीचे चार, आणि त्या एकमेकींखाली लावून 'आता ह्यांची बेरीज कशी करशील?' एवढंच विचारत बसले. दुसऱ्या दिवशी त्याने आपणहून दोन्ही पट्ट्यांचे बारा-बारा तुकडे केले. तीन आठवड्यांत अपूर्णांक संपले. पुढच्या चाचणीत काय मिळाले ते सांगत नाही, पण आईचा फोन आला तेव्हा आवाज वेगळा होता.

हे एवढं लांबवून सांगतेय कारण माझं म्हणणं ह्यातच आहे. तुमची मुलगी मागे नाहीये. तिच्यात दोन-तीन ठरावीक भोकं असतील, ती नेमकी कुठे आहेत ते आधी शोधायचं आणि तेवढीच बुजवायची. सगळ्या विषयांची रोज दोन तास शिकवणी लावली की जे तिला येतं तेही पुन्हा शिकवलं जातं, आणि मुलीला वाटायला लागतं की आपल्याला काहीच येत नाही. असं झालेली मुलं माझ्याकडे येतात तेव्हा पहिला महिना गणित राहतं बाजूला, ती भीती काढण्यातच जातो.

वेळेचं म्हणाल तर तुमचा मुहूर्त चांगला आहे. एप्रिलमध्ये वर्ग सुरू होतील, थोडेच दिवस शाळा होईल आणि मग उन्हाळ्याची सुट्टी लागेल. एप्रिल नुसता बघण्यात घालवा. रोज संध्याकाळी वही उघडून बसायचं, कुठे अडली ते एका कागदावर लिहायचं, बस. मे-जूनच्या सुट्टीत शिकवणी. सकाळी साडेसात-आठची वेळ घ्या. मे महिन्यातल्या नागपूरच्या दुपारी मोठ्यांचं डोकं चालत नाही, थंड देशातून आलेल्या पोरीचं काय चालणार! आठवड्यातून चार दिवस, पाऊण तास पुरे.

आता मराठी. इथे मात्र टाळाटाळ नको. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांमध्ये पहिली ते दहावी मराठी सक्तीचं आहे, आणि हिंदीही असेलच. पण घाबरू नका, देवनागरी एकदा हाताला बसली की दोन्हीकडे चालते. बाराखडी गिरवायला लावून दहा वर्षांच्या मुलीचा उत्साह मारू नका. तिला मेट्रोत बसवा. सीताबर्डीहून खापरीकडे जाताना स्टेशनांची नावं वाचायची: काँग्रेसनगर, अजनी चौक, छत्रपती चौक, उज्ज्वलनगर. 'छत्रपती'मधला 'त्र' आणि 'उज्ज्वल'मधला दोनदा आलेला 'ज' तिला एका फेरीत जे शिकवतील ते वहीत महिनाभर लागतं. घरी आल्यावर तीच नावं लिहायची. बालभारतीची पहिली-दुसरीची मराठी पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. आजी-आजोबा असतील तर रोज एक पान त्यांच्याबरोबर. ह्यासाठी शिकवणीवाल्या बाई नकोतच.

आकड्यांची मराठी नावं मुलांना फार छळतात, पण तुमच्या मुलीला इंग्रजीवाल्या मुलांपेक्षा सोपं जाईल. जर्मनमध्ये पंचवीसला 'पाच आणि वीस' म्हणतात, म्हणजे आपल्यासारखंच एकक आधी. हे तिला नक्की दाखवा, तिचा चेहरा बघण्यासारखा होईल. अडेल ती एकोणतीस, एकोणपन्नासला, कारण तिकडे 'नऊ आणि वीस' म्हणतात आणि आपण पुढच्या तीसातून एक वजा करतो. पाढेही दहापर्यंतच येत असतील. वीसपर्यंत न्या, पण सावकाश.

इंग्रजीत ती वाक्यामधल्या नामांना मोठं अक्षर काढेल, जर्मनचा नियम आहे तो. चूक म्हणून रागावू नका, दोन भाषांमधला फरक म्हणून समजावा. मराठी बोलतानाही असं होईल. तो मुलगा 'मला थंड आहे' म्हणायचा, आणि वर्गातली पोरं हसायची. त्यात आपली नागपुरी वेगळीच. आजीने सांबार आणायला पाठवलं तर तो रिकाम्या हाताने परत आला, म्हणे दुकानात सांबार मिळतच नाही. कोथिंबिरीला इथे सांबार म्हणतात हे त्याला कोण सांगणार? ही गंमत मोठ्यांना वाटते. मुलाला ती रोज दहादा सोसावी लागते. पहिले दोन-तीन महिने तुमची मुलगी गप्प राहिली, शाळेतून येऊन झोपली, तिकडच्या मैत्रिणीसाठी रडली, तर त्यावर आणखी एक क्लास हा उपाय नव्हे. आठवड्यातून एकदा मैत्रिणीशी फोन लावून द्या आणि जर्मन पुस्तकं टाकून येऊ नका. ती भाषा तिने कष्टाने कमावलेली आहे.

शिकवणारं माणूस निवडताना एकच बघा. मुलीचं उत्तर चुकलं की ते लगेच दुरुस्त करतं, की 'हे कसं केलंस?' असं आधी विचारतं? दुसरं असेल तर डोळे मिटून लावा. तिच्याच शाळेतल्या बाईंकडे मात्र लावू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या २८ व्या कलमाने शाळेतल्या शिक्षकांना खाजगी शिकवणी घ्यायला बंदी आहे, आणि वर्गात गुण देणाऱ्याच बाई घरी पैसे घेणार असतील तर ते नातंही बिघडतं. बर्डी-धरमपेठेतल्या मोठ्या कोचिंगवाल्यांच्या 'फाउंडेशन'च्या, म्हणजे लहानपणापासूनच प्रवेश परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या वर्गांच्या, जाहिराती तर तुम्ही उतरल्यापासून दिसतील. १६ वर्षांखालच्या मुलांना कोचिंग सेंटरने प्रवेश देऊ नये अशा केंद्राच्या मार्गदर्शक सूचना जानेवारी २०२४ मध्ये आल्या आहेत. पाचवीच्या मुलीला पन्नास जणांच्या बॅचमध्ये बसवून तिची भोकं कुणाला दिसणार आहेत?

शाळा 'एक वर्ष मागे बसवा' म्हणेल, तेव्हा लगेच हो म्हणू नका. शिक्षण हक्क कायद्याचंच चौथं कलम शाळेबाहेर राहिलेल्या मुलांसाठी आहे, पण त्यातही मुलाला वयाप्रमाणे वर्ग द्यावा आणि मागे असेल तर वेगळं प्रशिक्षण द्यावं असंच म्हटलंय. तुमची मुलगी तर रोज शाळेत जाणारी. आणि प्रगतिपत्रकाचं लक्षात ठेवा: जर्मनीत १ हा सगळ्यात चांगला शेरा आणि ६ सगळ्यात वाईट. त्या मुलाच्या पत्रकावर बहुतेक विषयांत २ होते, म्हणजे चांगले. इथल्या एका शाळेच्या ऑफिसात ते बघून 'दहापैकी दोन?' असं विचारलं गेलं आणि आईला तिथेच उभं राहून समजावून सांगावं लागलं. तुम्ही इंग्रजी भाषांतर करून घ्या, आणि गुणांची पद्धत तिकडच्या शाळेकडून लेटरहेडवर लिहून आणा.

सामान बांधताना तिच्या ह्या वर्षीच्या गणिताच्या वह्या रद्दीत टाकू नका, वजन झालं तरी हातातल्या बॅगेत घ्या. ती वजाबाकी कशी मांडते, हातचा घेते की मोजत वर जाते, हे त्या वह्यांतच दिसेल, आणि इथे जी कुणी तिला शिकवेल तिला पहिल्या दिवशी तेच लागणार आहे.